वाड्यातली जुनी फटफटी : भंगार की भांडवल?

अमरावती असो की अकोला, जुन्या वस्तीतल्या एखाद्या वाड्यात ताडपत्रीखाली झाकलेली एक गाडी हमखास सापडते. आजोबांची राजदूत, काकांची येझदी, नाही तर बाबांनी नोकरी लागल्यावर घेतलेली आरएक्स १००. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशी गाडी भंगारवाल्याच्या काट्यावर जायची. आज तिचा फोटो सोशल मीडियावर टाकला की तासाभरात दोन प्रश्न येतात : 'किती घेणार?' आणि 'कागद क्लिअर आहेत का?'

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांकडे असतं. नव्यासारखी केलेली आरएक्स १०० लाखाच्या वर, राजदूत ३५० कित्येक लाखांत, असे आकडे जाहिरातींत रोज दिसतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र बऱ्याच घरांत नसतं. आणि जुन्या गाडीची पुढची किंमत बहुतेक वेळा याच उत्तरावर ठरते.

जुन्या मोटरसायकली महाग का होतायत, सगळ्याच होतील का आणि घरात अशी गाडी असेल तर काय करावं, ते समजून घेऊ.

महाग कोणत्या गाड्या झाल्या?

सगळ्यात जास्त चर्चा यामाहा आरएक्स १०० ची. नोव्हेंबर १९८५ मध्ये एस्कॉर्ट्स कंपनीने ती भारतात आणली. इंजिन फक्त ९८ सीसीचं, पण ताकद ११ हॉर्सपॉवर आणि वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास. त्यामुळे हात पिळला की गाडी उडायची. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पुढे आरएक्सजी आणि आरएक्स १३५ आल्या, पण मूळ नावाची जादू आरएक्स १०० लाच राहिली.

दुसरी राजदूत ३५०. जपानच्या यामाहा आरडी ३५० ची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये बाजारात आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर. त्या काळात रस्त्यावर तिच्या तोडीचं काही नव्हतं. पण ती पेट्रोल प्यायची, महाग होती आणि तिचं काम येणारे मिस्त्री कमी होते. ती फारशी खपली नाही आणि काही वर्षांतच बंद पडली. आज जुन्या भारतीय गाड्यांत सगळ्यात महागड्या गाड्यांत तिचं नाव येतं. नवी असताना जी लोकांनी घेतली नाही, तीच पुढे दुर्मिळ झाली.

तिसरं घराणं जावा-येझदीचं. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जावा बनवायला घेतली. १९७३ पासून गाडीवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. महिंद्रा समूहाशी जोडलेल्या क्लासिक लेजंड्स कंपनीने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं पुन्हा बाजारात आणली. नुसत्या नावालाही किंमत असते, हे त्यातून दिसलं.

चौथी बुलेट. ती आजही बनते, म्हणून प्रत्येक जुनी बुलेट दुर्मिळ नसते. मागणी आहे ती ओतीव लोखंडाच्या इंजिनाच्या, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असलेल्या गाड्यांना. २००८ नंतर टप्प्याटप्प्याने नवं इंजिन आलं आणि जुना 'डुग डुग' आवाज इतिहासजमा झाला.

भाव वाढण्याचं कारण काय?

कारणं तीन आहेत.

पहिलं, पुरवठा बंद झाला. दुचाकींसाठी धुराचे नियम १९९१, १९९६ आणि २००० असे टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलसोबत ऑईलही जळतं आणि थोडं पेट्रोल न जळताच धुरातून बाहेर जातं. नव्या नियमांत अशी इंजिनं बसवणं कठीण झालं. १९९६ नंतर एकही नवी आरएक्स १०० बनलेली नाही. ज्या आहेत, त्यातल्याही दरवर्षी काही अपघातात, काही भंगारात जातात.

दुसरं, त्या काळच्या पोरांच्या हातात आता पैसा आहे. १९९० च्या आसपास कॉलेजच्या गेटवर उभं राहून जो मुलगा दुसऱ्याची आरएक्स १०० बघत होता, तो आज पन्नाशीत आहे. मुलं मोठी झाली, घराचे हप्ते संपत आले. तेव्हा जी गाडी घेता आली नाही, ती तो आज घेतो. जगभर जुन्या गाड्यांचा बाजार असाच चालतो. माणूस चाळिशी-पन्नाशीत आपल्या तरुणपणातली गाडी शोधतो.

तिसरं, सिनेमा आणि प्रसिद्ध माणसं. १९७३ च्या 'बॉबी'मधल्या छोट्या राजदूत जीटीएसला लोक आजही 'बॉबी'च म्हणतात. 'शोले'तली बीएसए कुणी विसरलेलं नाही. २०१६ च्या 'सैराट'मध्ये आर्ची बुलेटवर बसली. महेंद्रसिंग धोनीच्या रांचीतल्या गाड्यांच्या संग्रहात राजदूत ३५० आहे, हे कळल्यावर त्या गाडीकडे न पाहणारेही पाहू लागले.

परदेशात हा खेळ फार पुढे गेलाय. २०१८ मध्ये लास वेगासच्या लिलावात १९५१ ची व्हिन्सेंट ब्लॅक लायटनिंग ९ लाख २९ हजार डॉलरला गेली. २०२३ मध्ये १९०८ ची हार्ले-डेव्हिडसन ९ लाख ३५ हजार डॉलरला विकली गेली. पण या गाड्या जगात मोजक्याच उरल्यात. हजारोंनी बनलेल्या गाडीला तो हिशोब लावता येत नाही.

वऱ्हाडातल्या गाड्यांची गोष्ट वेगळी का?

वऱ्हाडात गाडी घरात यायची ती कापसावर. १९७२ पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कापसाचा चुकारा हातात आला की लग्न, विहीर किंवा गाडी, यातलं एक काहीतरी व्हायचं. ही गाडी शौकाची नसायची. पांदण रस्त्याने शेतात जायला, खताची पिशवी आणायला, दुधाच्या कॅन शहरात पोहोचवायला ती लागायची. म्हणून राजदूत १७५, बुलेट आणि नंतर बजाजची एम-८० या भागात जास्त रुळल्या. राजदूत १७५ चं मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीत आहे. पण काळ्या मातीच्या चिखलातून ती अशी चालली की लोकांनी तिला आपलीच मानली.

याचे दोन परिणाम झाले.

एक, कामाच्या गाड्या झिजून संपल्या. एम-८० गल्लोगल्ली होती, म्हणूनच तिला कुणी जपलं नाही. बुलेटचं डिझेल मॉडेल टॉरस हेही तसंच उदाहरण. ३२५ सीसीचं डिझेल इंजिन, वेग बेताचा, पण खर्च कमी. नव्या शतकाच्या सुरुवातीला ती धुराच्या नियमांत अडकून बंद झाली. आज चालू हालतीतली, मूळ इंजिनाची टॉरस दिसली तर माणसं थांबून फोटो काढतात.

दोन, हवामानाने काही गाड्या वाचवल्या. कोकणात खाऱ्या, दमट हवेने पत्रा लवकर गंजतो. वऱ्हाडात वर्षातले बरेच महिने हवा कोरडी असते. त्यामुळे छपराखाली उभ्या राहिलेल्या गाडीची चेसिस आणि टाकी तुलनेने बरी राहते. पण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की रबर, सीट, वायरिंग आणि रंग यांची वाट लागते. म्हणून बाहेरून भंगार दिसणाऱ्या गाडीचा सांगाडा आतून धड निघू शकतो.

मग अडचण कुठे येते? कागदात

ज्या गाडीची आरसी नाही, तिचे बाजारात पार्ट म्हणून पैसे मिळतात, गाडी म्हणून नाही. अडचणी साधारण चार प्रकारच्या असतात.

आजोबांच्या नावावरची गाडी. मालक वारल्यानंतर वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत नाव बदलायचा अर्ज करायचा असतो. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. कित्येक घरांत वीस-वीस वर्षं हे होत नाही. मग वारसांची संख्या वाढते आणि सह्या गोळा करणं अवघड होतं.

हातोहात विकलेली गाडी. खेड्यात विश्वासावर व्यवहार होतो : पैसे घेतले, चावी दिली, संपलं. नियमाने विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलावं लागतं. हे न करणं धोक्याचं आहे. नोंदणीत ज्याचं नाव आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे पाच हजारांत कुणाला तरी दिलेली जुनी राजदूत वीस वर्षांनी लाखांचा दावा घेऊन दारात येऊ शकते.

मुदत संपलेली आरसी. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून ती वाढवावी लागते. यासाठीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटरसायकलींसाठी ते २,००० रुपये करण्यात आलं. उशीर झाल्यास दंड वेगळा, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. दिल्लीत जुन्या पेट्रोल गाड्यांवर घातलेली १५ वर्षांची मर्यादा महाराष्ट्रात नाही. इथे गाडी तपासणीत पास झाली आणि शुल्क भरलं तर नोंदणी वाढते.

ऑनलाइन न दिसणारी गाडी. एमएच-२७ म्हणजे अमरावती, एमएच-३० म्हणजे अकोला. पण ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधीच्या गाड्यांना 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरी मालिका होती. अशा बऱ्याच गाड्यांच्या नोंदी जुन्या रजिस्टरमध्ये आहेत, संगणकावर नाहीत. त्यांची नोंद आधी कार्यालयात जाऊन चढवून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय ना नाव बदलतं, ना मुदत वाढते.

५० वर्षं झाली की काय होतं?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात जपलेली आणि मोठे बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्या नोंदणीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

अट एकच, पण मोठी : अशी गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, तांत्रिक अभ्यास एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. म्हणून ज्याला रविवारी सकाळी चिखलदऱ्याचा घाट चढायचाय, त्याने साधी नोंदणी चालू ठेवणंच बरं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची जावा किंवा राजदूत आज या नियमात बसते. पहिल्या राजदूत ३५० ला २०३३ मध्ये आणि पहिल्या आरएक्स १०० ला २०३५ मध्ये ५० वर्षं होतील. त्या वेळी मूळ रूपातल्या किती गाड्या उरलेल्या असतील, यावर त्यांचं मोल ठरेल.

'नव्यासारखी' करू की आहे तशी ठेवू?

इथे बहुतेकांची चूक होते. गाडी विकायची ठरली की लोक तिला चकचकीत रंग मारतात, दुसऱ्या गाडीचं हँडल बसवतात, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावतात. जाणता गिऱ्हाईक मात्र नेमकं उलट बघतो. मूळ टाकी आहे का, मूळ मडगार्ड आहे का, इंजिनावरचा आणि चेसिसवरचा नंबर आरसीशी जुळतो का, नंबर घासून पुन्हा ठोकलेला तर नाही ना. कारखान्यातून आलेला रंग एकदाच लागतो. तो थोडा उडालेला असला तरी नव्या रंगापेक्षा त्याला जास्त मान मिळतो.

कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा सांगितलंय.

बाजारात नकलाही फिरतात. आरएक्स १३५ ला आरएक्स १०० चे स्टिकर लावून विकणं ही जुनी युक्ती. इंजिनाच्या आतला हिशोबही बघावा लागतो. ब्लॉकला प्रत्येक वेळी बोअर केलं की त्याचं आयुष्य एका टप्प्याने घटतं. शेवटचा टप्पा संपलेला ब्लॉक म्हणजे मोठा खर्च. आणि गाडी न बघता आगाऊ पैसे मागणारा 'मालक' भेटला तर व्यवहार तिथेच थांबवलेला बरा.

गुंतवणूक म्हणून जुनी गाडी घ्यावी का?

साधा हिशोब करून पाहू. समजा, कुणी ४० हजारांना एक गाडी घेतली. इंजिन, रंग, टायर, वायरिंग यांवर ७० हजार लागले. कागदांसाठी ५ हजार. एकूण १ लाख १५ हजार. पाच वर्षांनी ती दीड लाखाला विकली, तर ३५ हजारांचा फायदा दिसतो. पण तेच १ लाख १५ हजार बँकेत ७ टक्के व्याजाने ठेवले असते, तर पाच वर्षांत सुमारे १ लाख ६१ हजार झाले असते. शिवाय गाडीचा विमा, जागा आणि अधूनमधून होणारी दुरुस्ती या हिशोबात धरलेलीच नाही.

दुसरी गोष्ट, जाहिरातीतला भाव म्हणजे मागितलेला भाव. गाडी खरोखर कितीला गेली, ते सहसा कुणी पोस्ट करत नाही. आणि ही हौस एका पिढीशी बांधलेली आहे. आरएक्स १०० चं वेड असलेली पिढी म्हातारी झाल्यावर पुढच्या पिढीला तिचं तेवढंच अप्रूप वाटेल, याची हमी नाही.

म्हणून नफ्यासाठी बाहेरून गाडी विकत घेणं हा जुगार आहे. घरात आधीच उभी असलेली गाडी सांभाळणं मात्र तसं नाही. तिथे विकत घेण्याचा खर्च नसतो आणि पहिल्या मालकापासूनचा सगळा इतिहास घरातच असतो.

उद्या कोणत्या गाड्यांना मागणी येईल?

नक्की कुणी सांगू शकत नाही, पण आजवरचा अनुभव दिशा दाखवतो. जी गाडी तिच्या काळात वेगळी होती, थोडी वर्षं बनली आणि ज्या पोरांना ती हवी होती ती आता कमावती झालीत, तिचा नंबर पुढे लागतो.

त्या हिशोबाने १९९९ ची हिरो होंडा सीबीझेड, २००१ च्या पहिल्या खेपेतली गोल दिव्याची पल्सर, २००३ ची पहिली करिझ्मा आणि पाच गिअरची आरएक्स १३५ यांच्याकडे लक्ष ठेवायला हरकत नाही. १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० आणि १९८६ ची कावासाकी बजाज केबी १०० याही भारतात १०० सीसीचं युग सुरू करणाऱ्या गाड्या आहेत. हिरो आणि होंडा २०११ मध्ये वेगळे झाले, त्यामुळे टाकीवर 'हिरो होंडा' लिहिलेली नवी गाडी आता कधीच येणार नाही. स्प्लेंडर मात्र इतक्या प्रचंड संख्येत बनलीय की साध्या स्प्लेंडरला मोठा भाव यायला फार काळ लागेल. अपवाद पहिल्या वर्षांतल्या, जशाच्या तशा राहिलेल्या गाडीचा.

आजच्या गाड्यांपुढे अडचण वेगळी आहे. त्यांच्या इंजिनावर संगणकाचं नियंत्रण असतं. कार्बोरेटर गल्लीतला मिस्त्री खोलून साफ करतो. वीस वर्षांनी त्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक भाग कंपनीने बनवणं बंद केलं, तर गाडी उभी राहू शकते.

घरात जुनी गाडी असेल तर काय करावं?

• आधी आरसी शोधा. नसेल तर गाडीवरचे इंजिन आणि चेसिस नंबर नीट वाचून लिहून ठेवा आणि परिवहन कार्यालयात नोंद तपासा.
• मालक हयात असतील तर नाव बदलण्याचं आणि मुदत वाढवण्याचं काम आताच करा. त्यांची एक सही आज मिनिटात होते, नंतर वारसांच्या दहा सह्या लागतात.
• मूळ खरेदीची पावती, जुनं विमापत्र, गाडीसोबतचे जुने फोटो जपून ठेवा. गाडी एकाच घरात राहिली, याचा तो पुरावा असतो.
• गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं आणि जुन्या गाडीचे रबरी भाग खराब करतं.
• उन्हात ठेवू नका. प्लॅस्टिकपेक्षा सुती चादरीने झाका, म्हणजे हवा खेळती राहते.
• काढून ठेवलेले जुने पार्ट फेकू नका. गंजलेला मूळ आरसासुद्धा कुणीतरी शोधत असतो.
• चालवायची असेल तर विमा आणि पीयूसी लागतंच. गाडी जुनी आहे म्हणून सूट नाही.
• भंगारात द्यायचीच ठरली, तर परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. नाही तर तिचा नंबर दुसऱ्याच गाडीवर फिरण्याचा धोका राहतो. आणि एकदा रद्द झाली की ती गाडी रस्त्यासाठी संपली, हेही लक्षात ठेवा.

वाड्यातली प्रत्येक फटफटी लाखाची नसते. बऱ्याचशा कधीच होणार नाहीत. पण लोखंड अजून वीस वर्षं ताडपत्रीखाली टिकेल, गंजलं तर घासता येईल, पिस्टन बदलता येईल. नाव बदलायला लागणारी आजोबांची सही मात्र पुन्हा मिळत नाही. म्हणून ताडपत्री काढण्याआधी कपाटातली फाईल काढलेली बरी.